आमची वाटचाल : खाडीकाठचा बाजार आणि एक वही

ठाण्यात जांभळी नाक्याच्या मागच्या गल्लीत आमचे मसाल्याचे दुकान आहे आणि दुकानामागच्या खोलीत डंख, म्हणजे मसाला कुटायचे यंत्र आहे. आजोबांनी व्यवसाय सुरू केला तेव्हा मिरची, धणे आणि हळद एवढाच माल होता. त्यापुढचे जवळजवळ सारे ज्ञान आम्हांला या परिसरातल्या घरांनी दिले, आणि ही वाटचाल लिहिताना प्रथम त्यांचेच ऋण नोंदवावेसे वाटते.

हा बाजार मुळात खाडीचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला पोहोचली, त्याच्या कितीतरी आधीपासून येथे होड्या आणि मचवे लागत होते. ठाणे पूर्वेच्या मीठबंदर रस्त्याच्या नावात तो व्यापार अजून शिल्लक आहे. चेंदणी कोळीवाडा आज रुळांच्या दोन्ही बाजूंना पसरलेला दिसतो; पश्चिमेला कौपिनेश्वर मंदिर, मासुंदा तलाव आणि त्यांच्याभोवती दाटलेली दुकाने. खाडीची मासळी, आसपासच्या मिठागरांचे मीठ आणि गावांकडून येणारा भाजीपाला एकाच पेठेत मिळत असल्यामुळे येथल्या स्वयंपाकाला जी चव आली, तिच्यावरच आमचा व्यवसाय उभा राहिला.

कोळीवाड्यातल्या बायका उन्हाळ्यात मिरची घेऊन कुटायला येत. बेडगी रंगासाठी, संकेश्वरी आणि लवंगी तिखटासाठी. देठ काढून तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवलेली मिरची मुठीत दाबली की कुरकुरली पाहिजे, हे आजोबा त्यांच्याकडूनच शिकले. धणे, दगडफूल, नागकेशर, बाद्यान, जायपत्री, शहाजिरे असे खडे मसाले थोड्या तेलावर वेगवेगळे भाजायचे, कारण प्रत्येकाला लागणारी आच निराळी असते. कुटलेला मसाला चाळून, पूर्ण थंड करून बरणीत दाबून भरायचा आणि वर हिंगाचे खडे ठेवायचे. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे असल्याने आजोबांनी ते एका वहीत उतरवून घ्यायला सुरुवात केली. ती वही आमच्या दृष्टीने दुकानातली सर्वांत मोलाची वस्तू आहे.

वडिलांच्या काळात एकदा काम लवकर उरकावे म्हणून आम्ही एका व्यापाऱ्याकडून तयार मिरचीपूड घेतली. मसाला लालभडक दिसत होता. नेहमीच्या एका मावशींनी चिमूटभर तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळला, हुंगला आणि पुडी परत केली. “हा नुसता रंग आहे, बाळा. कालवणात उतरणार नाही,” एवढेच त्या म्हणाल्या. वडिलांनी तो सारा माल बाजूला काढला. त्यानंतर आमच्याकडे बाहेरची पूड आलेली नाही. मिरची अख्खीच येते आणि आमच्या गच्चीवरच वाळते.

खारकर आळीच्या बाजूची सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरे हा आमचा दुसरा गुरू. सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, त्यांच्या आग्रहामुळे दुकानात आले. सोड्याच्या खिचडीसाठी ते घट्ट आणि गुलाबीसर हवेत, पिवळे पडलेले नकोत, ही पारख त्यांचीच. कडवे वाल रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे. ते कष्ट टाळू पाहणाऱ्या नव्या पिढीसाठी आम्ही सोललेले वाल सकाळी विकतो आणि दुपारपूर्वी ते संपतात.

खाडी मात्र पूर्वीची राहिलेली नाही. गाळ आणि प्रदूषणामुळे मासळी घटली, आणि दुकानातला जवळा व बोंबील आता बहुतांशी बाहेरच्या बंदरांवरून येतो. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला, याचा आम्हांला मनापासून आनंद आहे. तरीही जुन्या ग्राहकांच्या बोलण्यात येथल्या ताज्या निवट्यांची आठवण निघते तेव्हा मन हळहळते.

घोडबंदर रस्त्यावर राहायला गेलेली कुटुंबे आता फोनवर मागणी नोंदवतात. गेल्या उन्हाळ्यात एका मुलीने आजीच्या नावाने मसाला मागितला. वहीत पान सापडले, धण्यांच्या प्रमाणापुढे आजोबांच्या अक्षरात लिहिले होते, “मूठभर जास्त, त्या स्वतः सांगतील.” मुलीलाही तेवढेच ठाऊक होते, म्हणून आम्ही मूठभर जास्त घातले आणि तिच्या नावाने नवे पान उघडले.