उभ्या गाडीचा हिशेब

मंगळवार, रात्री

गाडीच्या विम्याची मुदत संपत आल्याचा मेसेज आला. एरवी असा मेसेज आला की मी लगेच पैसे भरून विषय मिटवते. आज भरले नाहीत. घरून काम करायला लागल्यापासून गाडी बाहेर निघते ती आईला डॉक्टरांकडे न्यायला, अधूनमधून जड सामान आणायला, आणि कधीकधी नुसतीच, बॅटरी उतरू नये म्हणून. हे शेवटचं कारण लिहिताना माझं मलाच हसू आलं. गाडी चालू राहावी म्हणून गाडी फिरवून आणायची!

वही काढली आणि पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे गाडी चालली तरच होणारा खर्च, उजवीकडे गाडी जागची हलली नाही तरी होणारा. डावीकडे पेट्रोल, टोल, बाहेरचं पार्किंग, ब्रेक पॅडची झीज. उजवीकडे विमा, कर, घरच्या पार्किंगच्या जागेचे पैसे, कर्ज असेल तर त्याचं व्याज. आमचं कर्ज कधीच फिटलं. पण तेच पैसे गाडीत अडकले नसते तर कुठेतरी व्याज मिळवत बसले असते, म्हणून तेही उजवीकडेच लिहिलं.

सर्व्हिसिंगपाशी अडले. ते कुठे लिहायचं? पटकन वाटतं डावीकडे, कारण गाडी चालते म्हणून झिजते. मॅन्युअल उघडलं तर इंजिन ऑईलपुढे किलोमीटर आणि महिने असे दोन्ही आकडे, आणि खाली लिहिलेलं, ‘यांपैकी जे आधी होईल ते’. माझ्या बाबतीत महिनेच आधी भरणार. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेत राहतं. त्याने त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि लांब उतारावर सारखा ब्रेक लावावा लागला तर ते आत उकळून पेडल पोकळ लागू शकतं. म्हणून बहुतेक गाड्यांत ते दोन-तीन वर्षांनी बदलायचं, मग गाडी कितीही कमी फिरलेली असो. बॅटरीचंही तेच. साधारण तीन ते पाच वर्षांत ती जातेच, आणि उभ्या गाडीत लवकर जाते, कारण बंद गाडीतही अलार्म, घड्याळ आणि आतला कॉम्प्युटर थोडा थोडा करंट ओढत असतात.

टायरबद्दल शंका होती म्हणून टॉर्च घेऊन खाली गेले. टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिचे शेवटचे चार आकडे ही टायरची जन्मतारीख: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनला. आमच्या टायरची नक्षी अजून चांगली खोल आहे, पण बाजूच्या रबराला बारीक भेगा दिसायला लागल्यात. न झिजताच म्हातारे झालेले टायर. रबर हवेतल्या ऑक्सिजनने आणि ओझोनने कडक होत जातं, ते थांबवता येत नाही.

वर आल्यावर सर्व्हिसिंग, बॅटरी, टायर, तिन्ही उजवीकडे टाकले. बरं, कमी चालवून गाडी जपली जाते असंही नाही. जवळच्या फेरीत इंजिन पुरतं तापत नाही. पेट्रोल जळताना तयार होणारी पाण्याची वाफ मग ऑईलमध्ये आणि सायलेन्सरमध्येच थंड होऊन राहते. मॅन्युअलात अशा छोट्या छोट्या फेऱ्यांची गणना धुळीचे रस्ते आणि जड ओझं यांच्याच रांगेत केली आहे, ‘कठीण वापर’ म्हणून! आईला हलक्या हाताने डॉक्टरकडे नेऊन आणते तो कठीण वापर.

बुधवार

उजव्या रकान्यातली सगळ्यात मोठी रक्कम काल लिहायची राहिली होती, घसारा, म्हणजे वर्षागणिक गाडीची उतरत जाणारी किंमत. आमच्याच मॉडेलच्या, त्याच वर्षीच्या गाड्या सध्या कितीला जातात ते पाहिलं. घेतलेल्या किमतीतून ती वजा केली, मधल्या वर्षांनी भागलं आणि जो आकडा आला तो पेट्रोलच्या कितीतरी वर निघाला. नव्या गाडीची किंमत पहिल्या वर्षात सर्वात जोरात पडते, नंतर घसरणीचा वेग कमी होतो. म्हणजे वाईट काळ सरलाय, ही त्यातल्या त्यात बरी बातमी.

घसाऱ्याचं बिल येत नाही. पंपावर दर वेळी खिशात हात घालावा लागतो म्हणून पेट्रोल डोळ्यांत भरतं. दर वाढला की घराघरात चर्चा. घसारा मात्र गाडी विकायच्या दिवशी एकदम कळतो, आणि तेव्हा आपण त्याला ‘भाव नीट आला नाही’ म्हणतो. हे फक्त माझंच नाही. 2020 साली ‘नेचर’ या नियतकालिकात जर्मनीतल्या गाडीमालकांच्या पाहणीवर लेख आला होता. पेट्रोल-डिझेलच्या खर्चाचा त्यांचा अंदाज सरासरीने ठीक होता, पण गाडीचा एकूण खर्च ते खऱ्याच्या जेमतेम निम्मा धरत होते. सगळ्यात जास्त चुकत होते ते घसाऱ्याच्या अंदाजात. जर्मन माणसाला काटेकोर म्हणतात, तर आपल्यासारख्यांचं काय!

आज जास्त लिहीत नाही. ऑफिसचं काम पडलंय.

शुक्रवार, उशिरा

दोन्ही रकान्यांची बेरीज करून ती वर्षभरातल्या किलोमीटरनी भागली. येणारा आकडा टॅक्सीच्या दराच्या बराच वर गेला. दोनदा तपासलं. बरोबर आहे.

तरी उद्या कुठे जायचं झालं तर मी टॅक्सी बोलावणार नाही, किल्लीच उचलेन, आणि त्यात काही वेडेपणा नाही. उजवा रकाना भरून झालेला आहे. आता प्रत्येक जादा फेरीचा खर्च म्हणजे फक्त डावा रकाना, आणि तो टॅक्सीपेक्षा खूपच कमी. टॅक्सीच्या मीटरमध्ये मात्र टॅक्सीवाल्याचे दोन्ही रकाने आहेत, वर त्याच्या दिवसाची मजुरी. घरची गाडी आणि टॅक्सी यांची तुलना आपण रोज करतो ती अशी, एकीकडे अर्धा हिशेब आणि दुसरीकडे पूर्ण. म्हणून दारात गाडी असली की कोपऱ्यावरच्या दुकानातही गाडीने जाणारी माणसं दिसतात. त्यांना आळशी म्हणायची सवय होती मला. पण त्यांनी आधीच पैसे भरून ठेवलेत, ते वसूल करतायत बिचारे. मेसचे पैसे महिन्याचे भरले की भूक नसतानाही ताटावर बसतो, तसं.

इव्हान इलिच नावाचा विचारवंत होऊन गेला. त्याने 1970 च्या दशकात अमेरिकन माणसाचा असाच एक हिशेब मांडला होता, फक्त पैशांऐवजी तासांत. गाडी चालवण्यातले, ती लावण्यातले, आणि तिच्यासाठी लागणारे पैसे कमावण्यातले असे सगळे तास त्याने धरले. ते भरले वर्षाला 1,600. तेवढ्यात तो माणूस जातो 7,500 मैल. भागाकार केला तर वेग तासाला पाच मैलांच्याही आत, म्हणजे सायकलवाला सहज पुढे. वाचताना मजा येते, आणि गाडी नसलेल्या माणसाला तर फारच. मला तो हिशेब अर्धवट वाटतो. त्यात सगळे मैल सारखे धरलेत. ऑफिसच्या रस्त्यावरचा रोजचा मैल आणि रात्री ताप चढलेल्या माणसाला घेऊन निघालेला मैल यांना एकाच मापाने कसं मोजायचं?

शनिवार

आईला आज गुडघ्याच्या तपासणीला नेलं. समोरची सीट पूर्ण मागे सरकवली, उशी ठेवली. ती आधी बाजूने बसते आणि मग दोन्ही पाय एकदम आत घेते, आमची आता पद्धतच पडलीय. घाई करायला मागे कोणी नाही. परत येताना तिला डोळा लागला म्हणून घरी पोचल्यावरही गाडी तशीच थोडा वेळ उभी केली, एसी चालू ठेवून. टॅक्सीत असं बसून राहता आलं नसतं. आलं असतं, पण मीटरकडे बघत.

सोय म्हणजे वेग असं मी समजत होते. पण आमच्या भागात गर्दीच्या वेळी गाडीने लवकर पोचतं असं काही नाही, आणि पोचल्यावर जागा शोधण्यात जीव जातो तो वेगळाच. तरी गाडी हवीशी वाटते, कारण आधी काही ठरवावं लागत नाही. किती वाजता निघायचं, परत कसं यायचं, पाऊस आला तर, सामान वाढलं तर, आईला मध्येच थांबावंसं वाटलं तर. यातल्या एकाचंही उत्तर निघताना तयार लागत नाही. डिकीत छत्री, आईची जादा चप्पल, पाण्याची बाटली पडलेली असते. गाडी वापरली जाते तेव्हा जितकी उपयोगी असते, जवळजवळ तितकीच नुसती खाली उभी असतानाही असते. रात्री आई खोकायला लागली की माझ्या मनात पहिला विचार येतो, गाडी आहे. बहुतेक वेळा न्यावं लागतच नाही. मग हा जो दिलासा मिळतो तो कुठल्या रकान्यात लिहू? खर्चाच्या उजव्या रकान्याइतकाच तोही गाडी न हलता होणारा आहे.

पण या सोयीने एक गोष्ट हळूच केलीय, ती आज परत येताना लक्षात आली. आमचे आधीचे डॉक्टर चालत जाण्याच्या अंतरावर होते. गाडी आल्यावर ‘त्या बाजूला चांगले आहेत’ म्हणून लांबचे धरले. बँकेचंही तेच, आईच्या भजनाच्या मंडळाचंही तेच. गाडीने वेळ वाचला असता, पण तो आम्ही अंतरात घालवला. इटलीचे भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी 1994 साली मांडलं होतं की माणूस दिवसाचा सरासरी तासभर प्रवासात घालवतो, पायी असो की मोटारीत. वाहन वेगवान झालं की तास तेवढाच राहतो आणि जाण्याची ठिकाणं दूर सरकतात. आमच्या घरापुरतं तरी ते तंतोतंत खरं. म्हणजे गाडी काढून टाकली तर आम्ही गाडीच्या आधीच्या दिवसांत परत जाणार नाही. डॉक्टर आता लांबच आहेत, आणि या वयात आईला डॉक्टर बदलायला सांगणं माझ्याने होणार नाही.

गाडी विकायची नाही, हे आज नक्की झालं. एकटीने पोसायची की नाही, तो प्रश्न आहे.

रविवार, दुपारी

ताई आणि भावोजी आले होते. वही दाखवली. भावोजी म्हणाले, “ही विकून इलेक्ट्रिक घ्या, खर्च एकदम खाली येईल.” रोज लांबवर ये-जा करणाऱ्याला मीही तेच सांगितलं असतं. चार्जिंगचा खर्च कमी पडतो, ऑईल बदलायचं नाही, वेग कमी करताना मोटारच उलटी वीज बनवते म्हणून ब्रेक पॅडही कमी झिजतात. धूर नाही. एक लिटर पेट्रोल जाळलं की सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड होतो, तोही तिथे निघत नाही. पण ही सगळी बचत डाव्या रकान्यातली, आणि माझा डावा रकाना आधीच बारीक आहे. नवी गाडी घेतली की पहिल्या वर्षाचा मोठा घसारा पुन्हा पहिल्यापासून. भावोजींना ते पटलं नाही. चालायचंच.

ताई मात्र वहीकडे बराच वेळ बघत होती. त्यांच्याकडे गाडी नाही, घ्यायची म्हणून गेली दोन वर्षं नुसती चर्चा चालू आहे. ती म्हणाली, “ही आपण दोघींत ठेवू या का?”

मला हे सुचलं नव्हतं. दिवसाला एक तास गाडी चालवली तरी उरलेले 23 तास ती उभी असते, आणि मी तर तेवढीही चालवत नाही. स्वित्झर्लंडमध्ये 1987 साली काही लोकांनी नेमकं हेच केलं, मोजक्या गाड्या अनेकांत वाटून घ्यायच्या. तशा दोन सहकारी संस्था निघाल्या आणि 1997 मध्ये एकत्र येऊन त्यांची ‘मोबिलिटी’ झाली. ती अजून चालू आहे. तिथे अनोळखी माणसं एका गाडीत नांदू शकतात, तर आम्ही सख्ख्या बहिणी. आई आतून म्हणाली, “सख्ख्या आहात म्हणूनच लिहून ठेवा.”

तर लिहिलं. उजवा रकाना निम्मा निम्मा, घसाऱ्यासकट. म्हणजे ताईने आजच्या बाजारभावाच्या निम्मे पैसे द्यायचे, आणि पुढे विकली तर येतील ते पैसे अर्धे अर्धे. डावा रकाना ज्याच्या त्याच्या किलोमीटरप्रमाणे. टाकी अर्ध्याच्या खाली ठेवून परत करायची नाही. चरा पडला तर त्याच दिवशी सांगायचं, दुसऱ्याने शोधून काढायच्या आत. टायर आत्ताच बदलायचे, दोघींच्या खर्चाने. यावर ताई थोडी कुरकुरली, कारण तिच्या मते ते माझ्या काळात म्हातारे झाले. शेवटी दोन तृतीयांश माझ्याकडे आले.

खरी अडचण निघाली ती वेगळीच. मला गाडीत आवडतं ते न ठरवता निघता येणं, आणि वाटून घेतली की तेच अर्धं जाणार. दोघींना एकाच वेळी लागली तर? फोनवर सामाईक कॅलेंडर केलं. आधी ज्याने लिहिलं त्याची गाडी, दुसऱ्याने टॅक्सी करायची आणि तोंड वाकडं करायचं नाही. रात्री गाडी नेहमी आमच्याकडे, आईसाठी. त्या बदल्यात सुट्टीच्या दिवसांत पहिला हक्क ताईचा. भावोजींनी लगेच पुढच्या शनिवारची नोंद टाकूनसुद्धा दिली, आणि ती नेमकी आईच्या पुढच्या तपासणीची तारीख निघाली. आता ते म्हणतायत, मीच नेतो आईंना. बघू.

विमा अजून भरलेला नाही. मालकी दोघींच्या नावावर करता येते का, आणि भावोजीही चालवणार म्हटल्यावर पॉलिसीत काय बदलतं, हे उद्या फोन करून आधी विचारते.