जाळी

रविवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाहीये. आणि कारण इतकं बारीक आहे की ताई सोडून कुणाला सांगितलंही नाही. आई "बरं" म्हणाली. एवढंच.

काल दुपारी वडिलांची, अण्णांची जुनी येझदी मोटारसायकल चालू झाली. आठ महिन्यांनी. गिअरचा दांडा आत दाबून मागे वर फिरवला की त्याचीच किक होते, लहानपणी मला ती जादू वाटायची, काल तिसऱ्या किकला दोन्ही सायलेन्सरमधून धूर आला आणि मग तो आवाज. मी तसाच उभा राहिलो, हात ग्रीसने भरलेले, डोळे पुसायचे तर कशाने पुसणार. आई चहा घेऊन शेडमध्ये आली. गाडीभोवती एक चक्कर मारली. डाव्या बाजूला थांबली, मागच्या चाकाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "जाळी कुठंय रे?" जाळी म्हणजे मागच्या चाकाच्या बाजूला लावतात ती, कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. मी म्हटलं, भंगारात दिली. मागच्या महिन्यात. "बरं," म्हणाली, कप बाकावर ठेवला आणि आत गेली.

सुरुवातीला मला रागच आला, खरं सांगतो. आठ महिने एक रविवार धड घेतला नाही मी. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला, तेव्हापासून पार्ट म्हणजे कुणाच्या तरी माळ्यावरचे, कुणाच्या तरी ओळखीचे. क्रँकची ऑइल सील दोनदा बदलली कारण पहिल्या वेळची हवा खेचत होती. सिलेंडरला बोअर मारून घेतला, नवा पिस्टन, सायलेन्सरच्या आतला कार्बन कॉस्टिक सोड्यात भिजत घालून काढला, त्याच्या वाफेने दोन दिवस घसा धरला होता. इग्निशनच्या पॉइंटचा गॅप फिलर गेज लावून ०.४ मिलिमीटरवर आणायला एक अख्खी संध्याकाळ गेली. आणि हे सगळं कुणासाठी? गाडी कुणाची आहे ते आईला माहीत नाही का? एक शब्द नाही. "छान झाली" नाही, "अण्णा असते तर" नाही. जाळी कुठंय.

रात्रभर हेच घोळवत बसलो. सकाळी ताईला फोन केला, म्हटलं आई अशी का वागते. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, तुला खरंच आठवत नाही? काकूंचा पदर चाकात गेला, त्यानंतर बसवली ना ती अण्णांनी. मग तिच्या घरी कुणीतरी आलं आणि फोन ठेवला.

मला आठवत नाही. म्हणजे काकू आठवतात, त्यांचा चालताना धरलेला गुडघा आठवतो, पण त्याचा आणि पदराचा आणि चाकाचा संबंध मला कधी कुणी सांगितलाच नव्हता. की सांगितला होता आणि मी ऐकला नाही.

जाळी मला आठवते ती अशी, की ती गाडीवर शोभायची नाही. कंपनीची नव्हती. अण्णांनी सातपूरला शिफ्ट सुटल्यावर थांबून स्वतः वेल्डिंग मारून आणलेली, जाड बारची, एक दांडी थोडी वाकडी, वर काळा ऑइलपेंट. गाडी खोलली तेव्हा पहिल्याच दिवशी मी ती काढली आणि बाजूला टाकली. त्या वेळी डोक्यात एकच होतं, जे ओरिजिनल नाही ते काढायचं. येझदीची चेन तर पूर्ण केसमध्ये बंद असते, तिथे काही अडकत नाही, जाळीची गरजच काय, असं मीच मला सांगितलं. स्पोकचा विचारच केला नाही. कारण मी मागे कधी बसलोच नाही. मी कायम पुढे, टाकीवर, अण्णांच्या दोन हातांच्या मधे. मागे आई, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर ताई. त्र्यंबकला गेलो, वणीला गेलो, मी पुढचा रस्ता बघत होतो आणि आई डावीकडची शेतं बघत होती. एकाच गाडीवर आम्ही दोघांनी दोन वेगळे प्रवास केले, आणि मी गाडी परत जुळवली ती फक्त माझ्याच प्रवासातली.

येझदीला सायलेन्सर दोन, एक उजवीकडे एक डावीकडे. बुलेटचा उजवीकडे असतो, त्यामुळे साडी नेसून एका बाजूने बसणाऱ्या बाईचे पाय त्याच्यापासून लांब राहतात. येझदीवर ती सुटका नाही. आईच्या पोटरीवर एक डाग आहे जुना, जांभळट. त्याबद्दल पण कधी विचारलं नाही.

आणि ओरिजिनलचं म्हणावं तर मी तरी कुठे ओरिजिनल ठेवली? मागचं मडगार्ड आखूड केलं. हँडल सपाट टाकलं. सिंगल सीट बनवून घेतली, टॅन कलरची, डायमंड शिलाईची, फार सुंदर झालीये, तिच्यावर माझा जीव आहे, ते आजही बदललेलं नाही. पण २०२१ च्या नियमात व्हिंटेज म्हणून नोंदवायला गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी लागते आणि मूळ रूपात लागते. ही १९७९ ची. म्हणजे २०२९ ला वय भरलं असतं, पण मी मडगार्डला ग्राइंडर लावला त्या दिवशीच ते गेलं. तेव्हा वाईट वाटलं नाही. आज वाटतंय, पण त्या नोंदणीसाठी नाही.

संध्याकाळी बसून मोटार वाहन नियम वाचत होतो. १९८९ च्या नियमांत १२३ वा नियम आहे. मागे बसायची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला पकड पाहिजे, पाय ठेवायला फूटरेस्ट पाहिजे, आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारं काहीतरी पाहिजे, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. अण्णांनी जाळी बसवली ती या नियमाच्या आधी. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी? मागे बसायची सोयच काढून टाकली, म्हणजे नियमही लागू नाही. हे वाचल्यावर आईचं ते "बरं" मला पुन्हा ऐकू आलं आणि पहिल्यांदा वाटलं की ती जाळीबद्दल विचारतच नव्हती. किंवा जाळीबद्दलच विचारत होती. काय माहीत.

दुपारी भंगारवाल्याकडे जाऊन आलो ते सांगायचं राहिलं. त्याला आठवत होती, चार किलो भरली होती म्हणाला. पण माल जालन्याला गेला. तिकडच्या भट्टीत गेला म्हणजे आता तिची कुठल्यातरी स्लॅबमधली सळई झाली असेल. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता, मीच त्याच्या काट्यावर ठेवली होती.

घरी आलो आणि माळ्यावरून जुनी सीट काढली. रेक्झिन फाटलंय, पण पत्रा शाबूत आहे. सिंगल काढून ती बसवली, नुसती ठेवली म्हणा, एकच बोल्ट लावला. गाडी मधल्या स्टँडवर घेतली आणि आईला हाक मारली. म्हटलं, माप पाहिजे. आता कसलं माप म्हणाली, गुडघे दुखतात माझे, पण आली. पाट लावला पायाखाली, माझ्या खांद्याला धरून चढली, आणि बसली की सगळं आपोआप झालं, पदर मांडीवरून पुढे ओढून दाबला, डावा पाय फूटरेस्टवर, त्याच्यावर उजवा, जसं काल संध्याकाळीच वणीहून आल्यासारखं. उजवा हात पुढे गेला. मग तो तिने सीटवर ठेवला.

मी खाली बसून खडूने खुणा करत होतो. वरची दांडी कुठे, खालची कुठे. मी काढलेली खूण बघून ती म्हणाली, "इतकी वर नव्हती रे. चार बोटं खाली घे. टाच टेकायची माझी तिथे." मी चार बोटं खाली घेतली. "आणि मागे जरा वाकडी होती." म्हटलं ती वेल्डिंगला चुकलेली असेल. "चुकलेली नाही, सायलेन्सर लागू नये म्हणून वाकवून घेतली होती त्यांनी, दुसऱ्या दिवशी परत नेऊन."

वाकडी दांडी.

सीटचं अजून ठरलेलं नाही. दोन्ही सीट एकाच बोल्टवर बसतील असं काहीतरी करता येईल, बघतो. उद्या शिफ्टला जाताना आठ एमएमचा बार घ्यायचा, साधारण तीन मीटर. खडूच्या खुणा पुसल्या जायच्या आत.