आमची वाटचाल : पहिल्या शॉटआधी शेवटची यादी

आमची संस्था पुण्यात उभी राहिली ती कारखान्यांचे माहितीपट आणि छोट्या जाहिराती करत. ती कामं अजूनही चालू आहेत, आणि स्वतंत्र मराठी चित्रपट उभा राहतो तो त्यांच्याच जोरावर. मागे मोठा स्टुडिओ नाही, वाहिनी नाही. दिग्दर्शक आणि निर्माता एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसतात. अशा चित्रपटाचं संकट शूटिंगमध्ये नसतं. शूटिंग कसंही पार पडतं. मित्र येतात, गाव मदतीला धावतं, उसनवारी होते. अडतं ते त्यानंतर: संकलन अर्धवट, डबिंग बाकी, सेन्सॉर राहिलेलं आणि हार्ड डिस्क कपाटात. मराठीत अशा टप्प्यावर थांबलेले चित्रपट कमी नाहीत, आणि त्यातले काही खरोखर चांगले आहेत, याचंच वाईट वाटतं.

म्हणून आमच्याकडे काम उलट्या टोकाकडून सुरू होतं. चित्रगृह, सेन्सॉर, महोत्सव आणि ओटीटी यांना नेमकं काय द्यावं लागणार, ती यादी आधी लिहायची. त्या यादीचा खर्च वेगळ्या बँक खात्यात टाकायचा. साधारणपणे एकूण रकमेचा तिसरा हिस्सा शूटिंगनंतरच्या कामासाठी आणि दहा टक्के अडीअडचणीसाठी ठेवायचे. जे उरतं त्यात किती दिवसांचं शूटिंग बसतं ते पाहायचं आणि पटकथा तेवढ्यात बसवायची. प्रसिद्धीचा पैसा या हिशेबात धरायचाच नाही, तो वेगळा.

कागदपत्रं पहिल्या दिवसापासून लागतात. निर्मात्यांच्या संघटनेकडे किंवा अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे शीर्षकाची नोंदणी, कथा-पटकथा-संवादाचे करार, कलाकार आणि तंत्रज्ञांचे करार, लोकेशनच्या मालकांची लेखी संमती. ओटीटीचा वकील सगळ्यात आधी हीच फाइल मागतो. गाण्यांच्या बाबतीत २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीपासून गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला हिस्सा कराराने काढून घेता येत नाही, तेव्हा जुन्या नमुन्याचे करार चालत नाहीत. आणखी एका गोष्टीवर आम्ही फार लक्ष ठेवतो. तुकोबांच्या अभंगाच्या शब्दांवर कुणाचाही हक्क नाही, पण सगळ्यांच्या कानात बसलेली चाल बहुधा गेल्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असते आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी तिसऱ्याकडे. देवळाच्या कर्ण्यावर मागे वाजणारा अभंग चित्रपटात राहिला, तर ही दोन्ही दारं ठोठवावी लागतात. त्यापेक्षा नवी चाल बांधून आपल्याच गायकाकडून गाऊन घेणं स्वस्त पडतं.

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचा एक मिनिट, हा हिशेब इंग्रजी टंकाच्या ठरावीक मांडणीवर बेतलेला आहे. देवनागरीत टंक आणि समास बदलले की तो कोसळतो. आम्ही पूर्ण पटकथा मोठ्याने वाचून प्रत्येक प्रसंगाला स्टॉपवॉच लावतो आणि प्रसंगाच्या शीर्षकाशेजारी सेकंद लिहितो. एकशे दहा मिनिटांचा चित्रपट वाचनात एकशे चाळीस भरला, तर ती कात्री कागदावर चालवायची. चित्रित होऊन कापलेल्या तीस मिनिटांचे पैसे कुणी परत देत नाही.

कॅमेऱ्याची निवड लोक फार चघळतात. आमच्या मते भाड्याने मिळणाऱ्या कोणत्याही चांगल्या सिनेमा कॅमेऱ्यावर चित्रपट होतो. भिंगं आणि प्रकाश यांवर जास्त खर्च करावा. सांभाळायच्या गोष्टी दोन. पहिली, फ्रेम रेट. चित्रगृहासाठी सेकंदाला नेमक्या २४ फ्रेम, आणि हे कॅमेरा, साउंड रेकॉर्डर, संकलनाचा प्रोजेक्ट या तिन्हीकडे लिहून ठरवायचं. कुठे तरी २३.९७६ राहून गेलं की फरक एक हजारांश एवढाच दिसतो, पण तासाला ३.६ सेकंदांनी आवाज आणि ओठ वेगळे होतात. दुसरी, आपली वीज ५० हर्ट्झची. २४ फ्रेमवर नेहमीचं १८० अंशांचं शटर ठेवलं तर उघडझाप १/४८ सेकंदाची होते आणि ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी बल्ब पडद्यावर लपलपतात. शटर १७२.८ अंशांवर आणलं की ती बरोबर १/५० होते आणि बहुतेक वेळा लपलप थांबते. तरीही गावातल्या किराणा दुकानाचे, एसटी स्टँडचे दिवे रेकीच्या, म्हणजे आधीच्या जागापाहणीच्या, वेळीच त्याच कॅमेऱ्यावर तपासावेत. काही एलईडींचे ड्रायव्हर इतके वाईट असतात की बल्बच बदलावे लागतात. दिव्यांचा भार घराच्या लाइनवर टाकताना १५ अँपियरच्या एका पॉइंटमधून जास्तीत जास्त ३४५० वॉट मिळतात हेही लक्षात ठेवायचं. जुन्या वाड्यांतली वायरिंग तेवढंही सोसत नाही.

डेटाचा हिशेब आधी मांडावा. यूएचडी आकारात, २४ फ्रेमवर, प्रोरेस ४२२ एचक्यू हा मुद्रणाचा फॉरमॅट तासाला सुमारे ३१८ जीबी घेतो. रोज तीन तासांचं फुटेज धरलं तर दिवसाला जवळजवळ एक टीबी, आणि प्रती तीन हव्यात. कार्डावरून नुसतं कॉपी-पेस्ट करायचं नाही. चेकसम, म्हणजे प्रत मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का हे दाखवणारा आकडा, जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरनेच उतरवायचं, आणि दुसरी प्रत पडताळल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. तिसरी प्रत संध्याकाळी वेगळ्या गाडीने निघते. तिन्ही डिस्क एकाच बॅगेत ठेवल्या तर ती एकच प्रत समजावी.

सगळ्यात जास्त काळजी आवाजाची. आम्ही सिंक साउंडवर, म्हणजे शूटिंगच्या वेळीच मुद्रित केलेल्या आवाजावर, काम करतो, कारण साताऱ्याकडची, कोल्हापूरकडची किंवा मालवणी बोली बोलणारा माणूस महिन्यांनंतर बंद खोलीत स्वतःचा तोच श्वास, तीच लय परत आणू शकत नाही. पण सिंक साउंड म्हणजे लोकेशन निवडतानाच कान वापरणं. रेकीला साउंड रेकॉर्डिस्ट सोबत हवा आणि ज्या वेळी शूटिंग होणार त्याच वेळी तिथे थांबायला हवं. पिठाची गिरणी कधी सुरू होते, शेतातली मोटर कोणत्या वेळी चालते, शाळेची मधली सुट्टी किती वाजता, देवळाचा कर्णा कोणत्या वारी. ही माहिती कॉल शीटमध्ये, म्हणजे युनिटला मिळणाऱ्या रोजच्या कामाच्या पत्रकात, जाते आणि वेळापत्रक तिच्याभोवती लागतं.

घरात शूटिंग असेल तर पंखे बंद, पाण्याची मोटर बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना रेकॉर्डिस्ट स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतो. निघताना किल्ली घ्यायला फ्रिज उघडावाच लागतो, तेव्हा तो परत सुरू होतो आणि घरमालकाचं दूध नासत नाही. ज्या घराने आपल्याला आत घेतलं, त्याची एवढी बूज राखलीच पाहिजे.

प्रत्येक कलाकाराच्या कपड्यात लॅपल हा छोटा माइक असला तरी वर बूम, म्हणजे काठीवरचा माइक, असतोच. लॅपल कपड्यावर घासतो. नऊवारी, खादी आणि स्टार्च केलेलं धोतर सगळ्यात त्रासदायक. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर. कॅमेरा आणि रेकॉर्डरचं घड्याळ म्हणजे टाइमकोड सकाळी, जेवणानंतर आणि बॅटरी बदलली की पुन्हा जुळवायचा. तरीही क्लॅप मारायचीच. आणि प्रत्येक जागेचा रूम टोन: दिवे उतरवण्याआधी सगळं युनिट जागच्या जागी उभं, एक मिनिट निव्वळ त्या खोलीचा आवाज. संकलनात दोन वाक्यांमधली फट याच मिनिटाने बुजते. तो नसेल तर प्रत्येक कटवर हवा तुटल्यासारखी ऐकू येते, आणि प्रेक्षकाला कारण कळलं नाही तरी खटकतं.

संकलन लॉक, म्हणजे कायम, झाल्यावर चित्रपट साधारण वीस-वीस मिनिटांच्या रीळांत विभागून आवाजाकडे आणि रंगाकडे जातो. प्रत्येक रीळाच्या पहिल्या फ्रेमआधी बरोबर दोन सेकंदांवर एक फ्रेमचा ‘पिप’ असा आवाज असतो, त्यावर सगळे ट्रॅक जुळतात. लॉकनंतर ‘फक्त एक शॉट’ बदलणं म्हणजे संवाद, फोली (स्टुडिओत पुन्हा केलेले पावलं-भांड्यांसारखे आवाज), पार्श्वसंगीत आणि ग्रेडिंग (रंगकाम) चारही ठिकाणी पुन्हा काम. त्यामुळे लॉक करण्याआधी अनोळखी प्रेक्षकांना चित्रपट दाखवून घ्यावा. गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या काळात भरणाऱ्या फिल्म बाजारची (आता वेव्हज फिल्म बाजार) वर्क-इन-प्रोग्रेस लॅब यासाठीच आहे. तिथे रफ कटवर, म्हणजे कच्च्या संकलनावर, जाणकार मंडळी सविस्तर बोलतात.

फोली पूर्ण करावी, ‘सिंक साउंडमध्ये पावलं आलीच आहेत’ म्हणून सोडू नये. दुसऱ्या भाषेसाठी संवाद काढले की त्यांच्यासोबत पावलं, भांडी, बांगड्या, भाकरी थापण्याचा आवाज सगळंच निघून जातं. संवादाविना संगीत-इफेक्टचा भरलेला ट्रॅक नसेल तर परदेशी विक्री आणि डबिंग तिथेच थांबतं.

फायनल मिक्स ज्या थिएटरात होतं तिथे प्रत्येक मुख्य स्पीकर ८५ डेसिबलला जुळवलेला असतो आणि फेडर, म्हणजे चित्रगृहातल्या आवाजाचं बटण, ७ वर. प्रत्यक्ष चित्रगृहात, विशेषतः तालुक्याच्या गावी, तो ५ वर किंवा खाली असतो. ७ वरून ५ म्हणजे साडेसहा डेसिबलहून अधिक घट. कुजबुज त्यातच जाते. म्हणून आम्ही मिक्सच्या शेवटी पूर्ण चित्रपट ५ वर ऐकतो आणि जिथे संवाद बुडतो तिथे संगीत उतरवतो. ओटीटीचा मिक्स वेगळा; नेटफ्लिक्सची अट संवादावर मोजलेल्या उणे २७ एलकेएफएसची (आवाजाच्या सरासरी पातळीचं एकक) आहे.

सेन्सॉरचा अर्ज ई-सिनेप्रमाण संकेतस्थळावरून जातो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएचे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या वर्गाचे) तीन स्तर झाले, ७+, १३+ आणि १६+, आणि प्रमाणपत्र कायमचं झालं. ग्रामीण चित्रपटांना दोन जागी हमखास ठेच लागते. एक, प्राणी. बैल, शेळी, कोंबडा, कुत्रा यांच्यासाठी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगआधी मागावी लागते आणि सेन्सॉरआधी त्यांचं ना-हरकत पत्र. नंतर धावपळ करून प्रदर्शनाची तारीख जाते. दुसरी, तंबाखू. सिगारेटच नव्हे, पारावर बसून तंबाखू मळणारा म्हाताराही त्यात येतो. मग सुरुवातीला आणि मध्यावर ३० सेकंदांचा आरोग्य संदेश, २० सेकंदांचं निवेदन, आणि त्या दृश्यात खाली स्थिर इशारा. ती पट्टी डीसीपीआधी (चित्रगृहात जाणारी चित्रपटाची डिजिटल प्रत), चित्रपटाच्या भाषेत, वाचता येईल अशी बसवायची. प्रमाणपत्रानंतर केलेला बदलही सेन्सॉर मंडळाला कळवावा लागतो. शासनाच्या अनुदानासाठी अर्ज यानंतरचा. त्याचा पैसा येईल तेव्हा येईल, तो निर्मितीच्या हिशेबात धरून कर्ज काढू नये.

डीसीपी करताना आकार ठरलेले: फ्लॅट १९९८ × १०८०, स्कोप २०४८ × ८५८. वेग जास्तीत जास्त सेकंदाला २५० मेगाबिट, म्हणजे दोन तासांचा चित्रपट कमाल २२५ जीबीपर्यंत. संगणकाच्या पडद्यावर तपासलेली डीसीपी तपासलेली नव्हे. ती खऱ्या चित्रगृहात, सकाळचा पहिला खेळ सुरू होण्याआधीची वेळ भाड्याने घेऊन, पहिल्या फ्रेमपासून श्रेयनामावलीपर्यंत पाहावी: रंगरूपांतर बरोबर आहे का, मागचे डावे-उजवे स्पीकर अदलाबदल झालेत का, रीळांच्या जोडावर आवाज टिकतो का, सबटायटल पडद्याबाहेर जात नाही ना. कुलूपबंद डीसीपीची किल्ली म्हणजे केडीएम त्या ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक वेळेपुरतीच असते. चित्रगृहाने ऐनवेळी स्क्रीन बदलला तर ती उघडत नाही, तेव्हा शुक्रवारी सकाळी किल्ल्या देणाऱ्या लॅबचा माणूस फोनवर असलाच पाहिजे.

आता आमच्याकडे पुढच्या चित्रपटाचं काम चालू आहे आणि आधीच्या कामाची जपणूकही. ग्रेड केलेला पण शीर्षकं नसलेला मास्टर, आवाजाचे सुटे स्टेम (संवाद, संगीत, इफेक्ट वेगवेगळे), सगळ्या भाषांची सबटायटल, करारांच्या स्कॅन प्रती हे सगळं एलटीओ या डेटा साठवायच्या टेपवर दोन संचांत जातं, एक कार्यालयात आणि एक दुसऱ्या गावी. हार्ड डिस्क वर्षातून एकदा जोडून चेकसम पुन्हा जुळवायचा, आणि ज्या डिस्कवर एक जरी फाइल जुळली नाही ती त्याच दिवशी बदलायची.