आमची वाटचाल : ओबीच्या ढिगापासून हरित उद्योग आवारापर्यंत

कोळशावरची माती आणि दगड काढून टाकल्याने उभे राहणारे खाणीचे ढीग, म्हणजे ओबीचे (ओव्हरबर्डनचे) ढीग, हिरवे करण्याचे काम आम्ही २००७ साली हाती घेतले, तेव्हा चंद्रपूर भागात या कामाला रोपवाटिकेचा जोडधंदा समजत. निविदेत खड्ड्यांची संख्या, रोपांची संख्या आणि पहिल्या वर्षअखेर जगलेल्या रोपांची टक्केवारी एवढेच लिहिलेले असे. उतार किती ठेवायचा, पाणी कुठून काढायचे, वर माती कोणती पसरायची, याचा उल्लेखही नसे. आम्ही पहिल्या कंत्राटापासून आधी पाणी, मग माती आणि शेवटी रोप असा क्रम ठेवला. आज एका बंद खाणीच्या जागेवर छोट्या उद्योगांसाठी जे हरित आवार उभे राहत आहे, ते या क्रमामुळेच उभे राहू शकले, हे मी ठामपणे सांगतो.

वर्धा खोऱ्यातल्या खुल्या खाणींवर ज्यांनी काम केले आहे, त्यांना इथल्या ओबीचा स्वभाव माहीत आहे. वर काळी कापसाची माती, तिच्याखाली चिकणमाती, मग कामठी वालुकाश्म आणि कोळशालगतचा काळा शेल (थराथराचा चिकणमातीचा खडक), हे सगळे डंपरमधून उलट क्रमाने पडते आणि जी माती वर यायला हवी ती तळाशी गाडली जाते. शेलमध्ये गंधकाचे खनिज असेल तर त्यातून झिरपणारे पाणी आम्लधर्मी होते आणि त्याजागी साधे गवतही धरत नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने पद्मापूर खाणीच्या ढिगावर जिवाणू खते, मुळांशी जगणारी व्हॅम बुरशी आणि सेंद्रिय गाळ एकत्र वापरून झाडे उभी करून दाखवली होती. आम्ही ती पद्धत डोळ्यांसमोर ठेवली, मात्र आमच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. होते ते शेणखत, रायझोबियम आणि ॲझोटोबॅक्टरची पाकिटे, एक पीएच मीटर आणि काका.

काका निवृत्त खाण सर्वेक्षक होते आणि आमचे पहिले भागीदार. भांडवल म्हणून त्यांनी उंचीतला फरक मोजण्याची आपली जुनी डम्पी लेव्हल दुर्बीण, तिच्याबरोबरची पाच मीटरची स्टाफ पट्टी आणि आयुष्यभराची शिस्त आणली. टोटल स्टेशन हे इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्र भाड्याने आणणे आम्हाला परवडत नसे, त्यामुळे बेंचवरची (ढिगाच्या सपाट पायरीवरची) समपातळी रेषा आम्ही पाण्याच्या पारदर्शक नळीने आणि लाकडी ए-फ्रेमने आखत असू. कुठलीही बेंच बाहेरच्या कडेकडे उतरती राहू नये, ती आतल्या बाजूला किंचित झुकलेली असावी आणि त्या आतल्या नालीतले पाणी दगडी पिचिंग केलेल्या, म्हणजे दगड बसवलेल्या, उतारनालीतूनच खाली जावे, यावर त्यांचा कटाक्ष असे. साइटवर कुणी रोपांची यादी पुढे केली, की ते म्हणत, “आधी पाणी कुठून उतरते ते दाखवा, मग रोपांचे बोलू.” ढिगाच्या पायथ्याशी टो वॉल (आधाराची भिंत) आणि तिच्याबाहेर गार्लंड ड्रेन (ढिगाभोवतीची नाली) झाल्याखेरीज त्यांनी एकही खड्डा खणू दिला नाही.

रोपांच्या बाबतीतही आमचा आग्रह वेगळा होता. पहिल्या पावसात आम्ही झाडे लावतच नसू. आधी स्टायलो या चाऱ्याच्या शेंगवर्गीय पिकाचे आणि दीनानाथ गवताचे बी टाकून उतार बांधून घेत असू, तीव्र उतारावर काथ्याची जाळी खुंट्यांनी ठोकत असू, आणि दुसऱ्या वर्षी करंज, शिसू, सिरस, खैर, आवळा, सीताफळ व बांबू लावत असू. स्टायलोचे बी गरम पाण्यातून काढल्याशिवाय नीट उगवत नाही, हे नवख्या कंत्राटदारांनी लक्षात ठेवावे. सगळा ढीग सुबाभळीने भरून टाकण्याचा मोह टाळावा. ती झपाट्याने वाढते, फोटोत छान दिसते आणि नंतर दुसरे काही वाढू देत नाही.

२००९ मध्ये कोळसा मंत्रालयाने खाण बंद करण्याच्या आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वे आणली आणि खुल्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख रुपये या हिशेबाने रक्कम एस्क्रो खात्यात, म्हणजे त्या कामासाठीच राखून ठेवलेल्या खात्यात, ठेवणे बंधनकारक झाले. त्यानंतर आमच्यासारख्यांना कामे मिळू लागली आणि २०१४ पर्यंतची वर्षे बरी गेली.

मग ती खाण आली जिच्यामुळे आमचा व्यवसाय जवळजवळ संपला. ती एका कंपनीची स्वतःच्या वापरासाठीची खाण होती. तिच्या बाहेरच्या ढिगाचे सगळ्यात मोठे काम आमच्याकडे होते आणि त्यासाठी आम्ही कर्ज काढून टँकर, पंप व शेडनेट घेतले होते. २४ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोनशेहून जास्त कोळसा खाणपट्ट्यांचे वाटप रद्द केले आणि चालू खाणींना ३१ मार्च २०१५ पर्यंतची मुदत दिली. वाटप बेकायदा होते, यावर माझे काही म्हणणे नाही. माझे म्हणणे इतकेच आहे, की एका रात्रीत खाण थांबली तरी ढिगावरचे रोप थांबत नाही. एप्रिल उजाडला तेव्हा खाणीतले पंप बंद झालेले होते, गेटवर कुलूप होते आणि दोन पावसाळे पाहिलेली आमची झाडे चंद्रपूरच्या उन्हात, मुळाशी तापलेला शेल घेऊन, पाण्याविना उभी होती. आम्ही पदरचे डिझेल घालून गावच्या तलावातून टँकर आणले. जुना मालक म्हणे, देणी नव्या मालकाकडे गेली. नवा मालक ठरलाच नव्हता, आणि ठरला तेव्हा म्हणाला, मागचे मागच्यांकडे मागा. आमची तीन मोठी बिले, अनामत रक्कम आणि बँक गॅरंटी या दोघांच्या मध्ये अडकली. बँकेने टँकर जप्तीची नोटीस काढली. मजुरांचा पगार काकांनी स्वतःच्या भविष्य निर्वाह निधीच्या पैशांतून केला, आणि त्याची परतफेड व्हायच्या आधीच ते गेले. हा सल आजही तसाच आहे.

आम्ही त्यातून वाचलो ते एका ग्राहकामुळे. त्या कंपनीच्या पर्यावरण विभागात एक मॅडम होत्या. खाण सोडून जाण्याच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा बाकीचे अधिकारी आपापल्या बदल्यांच्या धावपळीत होते, तेव्हा त्या संपूर्ण ढिगावर आमच्याबरोबर फिरल्या, प्रत्येक बेंचची लांबी, नालीचे पिचिंग, गवताचे आच्छादन आणि जिवंत झाडे मोजून घेतली आणि मोजमाप पुस्तिकेत पानापानावर सही केली. त्यांच्यावर तसे करण्याची सक्ती नव्हती. पुढे लवादापुढे आमच्याकडे दाखवण्यासारखा कागद होता तो हाच, आणि त्याच्याच बळावर काही वर्षांनी मुद्दल हाती आले. व्याज मात्र मिळाले नाही. मॅडम पुढे ज्या ज्या कंपनीत गेल्या, तिथे आमच्या कामाची चौकशी झाली. या व्यवसायातल्या तरुणांना मी सांगतो, की बिलाची वाट पाहू नका, मोजमाप दर महिन्याला नोंदवून सही घ्या, आणि कोणत्याही कामाचे कर्ज त्या एकाच कामाच्या भरवशावर काढू नका.

नव्या मालकाने पुन्हा निविदा काढली. एका दुसऱ्या संस्थेने आमच्या दराच्या निम्म्यात ती घेतली. नाव घेत नाही, परिसरातले लोक ओळखतील. निम्म्या दरात उतारनाली होत नाही, माती येत नाही. फक्त खड्डे आणि रोपे होतात. त्यांनी ढिगाच्या माथ्यावर, जिथे ताजे ओबी टाकणे चालूच होते, तिथे ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ दाटीने लावली. माथ्यावरचे पाणी साचले, त्याला वाट काढून दिलेली नव्हती, आणि मोठ्या पावसात उत्तरेकडचा भाग झाडांसकट घसरून गार्लंड ड्रेनमध्ये आला. दक्षिणेकडचा उतार, जो आमचा होता, जागचा हलला नाही. असे असून त्या संस्थेच्या रंगीत पुस्तिकेत मुखपृष्ठावर फोटो आहे तो दक्षिणेकडच्याच उताराचा, आमच्या करंज-शिसूचा. पुरस्काराचा अर्ज त्याच फोटोवर गेला. आम्ही पत्रे लिहिली, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती जोडल्या. उत्तर आले नाही.

आता त्या आवाराविषयी. जुनी खाण संपल्यावर तिच्या जागी उद्योग उभे राहू शकतात, हे जर्मनीतल्या हेर्टेन गावाने दाखवले आहे. तिथली एवाल्ड खाण २००० साली बंद झाली आणि आज तिच्या आवारात हायड्रोजन तंत्रज्ञानाचे केंद्र व अनेक कंपन्या आहेत, तर शेजारच्या होहेवार्ड ढिगावर लोक फिरायला जातात. आपल्याकडेही वेकोलिने (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने) सावनेरला इको पार्क केले आणि पाटणसावंगीच्या खाणीतले पाणी शुद्ध करून बाटलीबंद केले. एका खासगी मालकीच्या संपलेल्या खाणीचे मालक हेच मनात धरून आमच्याकडे आले, आणि त्यांना आमच्याकडे पाठवणाऱ्या त्याच मॅडम होत्या.

मालकांचा पहिला नकाशा पाहून मी नकार दिला होता. त्यांना शेड भरावावर, म्हणजे ओबी टाकून भरलेल्या जागेवर, हवी होती, कारण भराव सपाट आणि मोकळा होता. ढिले टाकलेले ओबी वर्षानुवर्षे बसत राहते, आणि खालून पाण्याची पातळी चढली की कोरडा भराव एकाएकी खचतो. जिथे पंप बंद होऊन खाण पाण्याने भरते आहे, तिथे हे होणारच. म्हणून आम्ही जुने खाण नकाशे मागवले, खाणकाम न झालेली अखंड जमीन कुठे आहे ते आखले, आणि काकांच्याच लेव्हलने भरावावर जमीन किती खाली बसते ते मोजायचे खुंट रोवून नोंदी सुरू केल्या. जुने वर्कशॉप, स्टोअर आणि रेल्वे सायडिंगकडची पट्टी अखंड जमिनीवर निघाली. सगळ्या शेड तिथे घेतल्या. भरावावर फक्त सौर पॅनेल, रोपवाटिका आणि बांबू. पॅनेलच्या चौकटी उंची जुळवता येईल अशा घेतल्या, म्हणजे जमीन थोडी बसली तरी बोल्ट फिरवून त्या समपातळीत आणता येतात. कोळशाच्या जुन्या स्टॉकयार्डमधली भुकटी आम्ही पूर्ण खरवडून काढली. वर मुरूम टाकून ती झाकावी, असा स्वस्तातला सल्ला मालकांना कुणी तरी दिला होता. आत वारा गेला की ती धुमसते आणि वरच्या फरशीला तडे जातात, म्हणून असे कुणीही करू नये.

वर्कशॉपच्या लोखंडी चौकटी चांगल्या होत्या, त्या पाडल्या नाहीत. पत्रे बदलले, उत्तरेकडून उजेड घेतला. तिथे आज बांबूच्या वस्तू करणारे तरुण आहेत, त्यांतले काही चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात शिकलेले आहेत. शेजारी फ्लाय ॲशच्या (वीज केंद्रातल्या राखेच्या) विटांचा कारखाना आहे, कंपोस्टचा आहे आणि आमची स्वतःची रोपवाटिका आहे. खाणीत साठलेले पाणी दर महिन्याला तपासून मगच बागेला दिले जाते.

पश्चिमेकडची भरावाची पट्टी गोदामासाठी मागणारे दोन उद्योजक सध्या मालकांकडे येऊन गेले आहेत, आणि भाडेही चांगले देऊ करत आहेत. तिथले खुंट अजून खाली सरकत आहेत. सलग दोन पावसाळ्यांत बसण थांबल्याची नोंद झाल्याशिवाय त्या पट्टीवर पाया खणायचा नाही, ही अट आम्ही करारनाम्यात घातली आहे, आणि मालकांनी तिच्यावर सही केली आहे.