अकरा वर्षांनी परत आलेली गाठ (माझा अनुभव)

ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर हे ओव्हरीच्या एका दुर्मिळ कॅन्सरचं नाव मी 2012 ला पहिल्यांदा वाचलं ते माझ्याच रिपोर्टवर. त्याआधी वर्षभर पाळी दोन-दोन महिने यायची नाही आणि आली की थांबायचीच नाही, सगळे म्हणायचे थायरॉइड बघ, वजन कमी कर. सोनोग्राफीत डाव्या ओव्हरीत मोठी गाठ दिसली, सीए-125 ही कॅन्सरसाठीची रक्ततपासणी एकदम नॉर्मल, म्हणून साधी सिस्ट समजून दुर्बिणीतून ऑपरेशन झालं आणि काढताना ती आतच फुटली. बायोप्सी आल्यावर कळलं काय आहे ते. ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये शंभरात दोन ते पाच जणींना हा प्रकार असतो म्हणे, आणि ही गाठ स्वतःच इस्ट्रोजेन बनवते म्हणून गर्भपिशवीचं अस्तर जाड होऊन पाळीचा असा गोंधळ होतो. गाठ फुटली की स्टेज वन ए ची वन सी होते, म्हणजे आजार एक-दोन पायऱ्या वर जातो, हे मला नंतरच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं.

एक ओव्हरी आणि पिशवी ठेवली कारण दुसरं मूल हवं होतं. झालंही. पाच वर्षं झाल्यावर सगळे म्हणाले सुटलीस, आता फाईल माळ्यावर टाक. पण चित्रवाल्या डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की ही गाठ आळशी आहे, दहा काय वीस वर्षांनीही उठते, तेव्हा इनहिबिन बी, म्हणजे ही गाठ रक्तात सोडते त्या हार्मोनची तपासणी, दरवर्षी करायचंच. पाळी चालू असली की ते तारखेप्रमाणे वरखाली होतं, म्हणून एका आकड्याने घाबरायचं नाही आणि लॅब बदलायची नाही. 2023 ला मात्र ते लागोपाठ चढत गेलं, मला काहीच त्रास नव्हता, पोट दुखत नव्हतं की फुगलं नव्हतं, आणि सीटीत ओटीपोटात गाठ आणि ओमेंटमवर, म्हणजे आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यावर, दोन ठिपके.

परळच्या टाटाला जायचं ठरलं तेव्हा जुन्या स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे लॅबने जपून ठेवलेले गाठीचे तुकडे, हवेत म्हणाले. आता 2012 चा ब्लॉक कुठून आणायचा? लॅबचा मालक बदललेला, काउंटरवरची मुलगी म्हणते काकू एवढं जुनं नसतं. माझ्या नणंदेने तिथेच खुर्ची ओढली आणि बसली, शेवटी एक वयस्कर टेक्निशियन काका आतून खोका घेऊन आले. पांढऱ्या मेणात तुरीच्या डाळीएवढा तुकडा आणि वर पेन्सिलने माझा नंबर. बघून कसंतरीच झालं. त्या ब्लॉकवर फॉक्सएल-2 या जीनची टेस्ट होते, त्यातला ठराविक बदल 2009 साली सापडला आणि बहुतेक सगळ्या ॲडल्ट ग्रॅन्युलोसात, म्हणजे माझ्यासारख्या मोठ्यांच्या प्रकारात, तो असतो. मी पहिलं विचारलं, मुलीला होईल का? तर नाही, तो बदल फक्त गाठीत असतो, आईकडून मुलीकडे जात नाही. त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली.

ऑपरेशन यावेळी पोट उघडूनच. उरलेली ओव्हरी, पिशवी, ओमेंटम आणि दिसेल ती प्रत्येक गाठ काढली, कारण या आजारात सर्जरी हेच मुख्य औषध, केमोला हा तितकासा दाद देत नाही. नंतरचे दिवस म्हणजे ड्रेनची पिशवी, पोटाचा पट्टा, ते तीन बॉलचं यंत्र श्वास आत ओढून वर उचलायचं, आणि सकाळी राउंडला सात-आठ डॉक्टर कॉटभोवती उभे राहून गंभीर चेहऱ्याने विचारणार, गॅस पास झाला का? झाला तेव्हा आमच्या नणंदबाईंनी अख्ख्या वॉर्डला सांगितलं. खोकला आला की टाक्यांवर उशी दाबून धरायची, ही युक्ती शेजारच्या कॉटवरच्या मावशींची.

काहीच मागे राहिलं नव्हतं म्हणून डॉक्टरांच्या बोर्डाने केमो न देता लेट्रोझोल, म्हणजे इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी, सुरू केलं. त्याने सकाळी बोटं आखडतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, आणि एकदम पाळी बंद झाल्याने घामाच्या लाटा वेगळ्याच. हाडांची घनता बघणारी डेक्सा तपासणी, कॅल्शियम, डी व्हिटॅमिन चालू आहे. परत येऊ शकतं हे माहिती आहे, आणि आलं तर परत काढतात हेही, काही जणींची दोन-तीनदा सर्जरी झालेली आहे.

ब्लॉक आता परत मागून घेतलेत, घरातच ठेवलेत. आणि लॅबच्या फॉर्मवर 'इनहिबिन बी' मी स्वतः लिहिते, कारण गेल्या वेळी तिथल्या पोराने नुसतं इनहिबिन लिहिलं, वरून रिपोर्ट आला इनहिबिन ए चा, आणि परत रक्त द्यावं लागलं.