३५५ च्या कपाटातून : असई, कूत आणि उरलेलं वाचन

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात युद्धेतिहासाची नवी पुस्तकं देवघेवीला खुली झाली, त्याला आता एक पावसाळा उलटला. एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरून आलेला संग्रह आणि यंदाच्या अनुदानातून घेतलेली काही पुस्तकं मिळून दीड कपाट भरलं आहे. मागच्या नोंदीनंतर काय वाचून झालं, त्यातलं कामाचं काय निघालं आणि असईचा नकाशा कुठवर आला, ते इथे टिपतो.

आधी शोधाशोधीबद्दल, कारण नव्या मंडळींची गाडी इथेच अडते. वाचनालय ड्युई पद्धतीने, म्हणजे विषयवार क्रमांक देऊन, पुस्तकं लावत असेल, तर ३५५ हा लष्करशास्त्राचा क्रमांक बघून लोक तेवढंच कपाट चाळतात आणि ‘फार काही नाही’ म्हणून परत जातात. ३५५ मध्ये सैन्यरचना, शस्त्रं, डावपेच असलं सापडतं. लढाया मात्र देशांच्या इतिहासात विखुरलेल्या असतात. आपल्याकडच्या ९५४ मध्ये, पहिलं महायुद्ध ९४०.३ आणि ९४०.४ मध्ये, दुसऱ्याच्या मोहिमा ९४०.५४ मध्ये, आणि सेनापतींच्या आठवणी चरित्रांच्या कपाटात, नटनट्यांच्या शेजारी. आमच्या ग्रंथपाल मॅडमनी नव्या दाखल पुस्तकांची एक वेगळी यादीच छापून काउंटरवर ठेवली. एवढं एक काम झालं की निम्मी पायपीट वाचते.

सध्या मुक्काम असईवर आहे. २३ सप्टेंबर १८०३, आजचा जालना जिल्हा, भोकरदनच्या पूर्वेला केळना आणि जुई या दोन नद्यांमधली चिंचोळी पट्टी. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, जो पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला. लढाई सगळ्यांना ऐकून माहीत असते, पण तपशिलात शिरलं की प्रत्येक पुस्तक वेगळं बोलतं. म्हणून या वेळी तीन पुस्तकं एकाच टेबलावर उघडी ठेवून वाचली. गुरवुडने संपादलेली वेलिंग्टनची डिस्पॅचेस (म्हणजे त्याची पत्रं आणि अहवाल), पूना रेसिडेन्सी कॉरस्पॉन्डन्सचा दहावा खंड (वसईचा तह आणि दख्खनमधलं युद्ध, १८०२ ते १८०४) आणि रँडॉल्फ कूपरचं २००३ सालचं ‘द अँग्लो-मराठा कँपेन्स अँड द कॉन्टेस्ट फॉर इंडिया’. पहिली दोन संदर्भ विभागात आहेत, घरी मिळत नाहीत. तिथेच बसून वही भरली. कूपर मात्र घरी आणता आला आणि दोनदा मुदत वाढवून घेतला.

तिन्ही एकत्र वाचल्याचा फायदा लगेच दिसतो. असईची सगळ्यात गाजलेली गोष्ट उताराची, म्हणजे नदी पायी ओलांडता येते त्या जागेची. वाटाडे म्हणाले, पुढे नदीला उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली आणि ताडलं, की इतकी जवळ गावं आहेत म्हणजे मधे येण्याजाण्याची वाट असणारच. गोष्ट झकास आहे, पण ती त्याने उतारवयात सांगितलेली. लढाईच्या दुसऱ्या दिवशी गव्हर्नर जनरलला पाठवलेल्या अहवालात एवढंच आहे, की शत्रूच्या डाव्या बगलेपलीकडच्या उताराने नदी ओलांडली. गोष्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण शाळेत शिकवतात ती कथा आणि ऐन वेळचा कागद यांच्यात किती अंतर असतं, हे कळायला दोन्ही पुस्तकं समोर लागतात.

दुसरी गोष्ट पोलमनची. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा प्रमुख अँथनी पोलमन हा हॅनोव्हरचा. त्याची फळी केळनेच्या काठाला समांतर, दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. वेलस्ली पूर्वेकडून बगलेवर आला, तर या माणसाने सगळी फळी काटकोनात वळवून दोन नद्यांच्या मधे आडवी लावली. तोफांसकट, शत्रू नदी ओलांडत असताना. वेलस्लीला वाटलं होतं की हे त्यांना जमणार नाही. कवायतीच्या मैदानावरही ही हालचाल सोपी नाही. मराठी पुस्तकांत मी पोलमनचं नाव शोधलं, तर बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकलेलं, ‘फिरंगी अधिकारी ऐन वेळी पळाले’ या सदरात. शिंद्यांच्या बाजूच्या, सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणी छावणी राखायला होत्या आणि बऱ्यापैकी शिस्तीत निघून गेल्या, हे तर कुणी लिहीतच नाही.

आकडे बघा. इंग्रजांकडचे ४२८ मेले, १,१३८ जखमी झाले, १८ बेपत्ता, एकूण १,५८४. नदी ओलांडून खरोखर लढलेले साधारण साडेचार हजार. म्हणजे तिघांत एकापेक्षा जास्त माणूस पडला. ७४ व्या हायलँडर्सचं, म्हणजे स्कॉटिश पलटणीचं, तर असई गावासमोर पार चिपाड झालं. ऑरॉकच्या हाताखालच्या आघाडीच्या तुकड्या नको तितक्या उजवीकडे सरकल्या, ७४ वी त्यांच्यामागे गेली आणि गावातल्या तोफांच्या तोंडी सापडली. त्यांना सोडवायला घोडदळ घेऊन धावलेला मॅक्सवेल त्याच दुपारी मारला गेला. ‘कवायती फौजा उभारून गनिमी कावा सोडला म्हणून मराठे बुडाले’ हे आपण इतक्या वेळा वाचलंय की ते पाठच झालंय. कूपर नेमका यालाच हात घालतो. त्याचं म्हणणं, तोफा चांगल्या होत्या, पायदळ चांगलं होतं, मोडली ती अधिकाऱ्यांची साखळी. २९ ऑगस्ट १८०३ ला कंपनीने जाहीरनामा काढला, की शिंद्यांच्या नोकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ती सोडून यावं, त्यांच्या पोटापाण्याचं बघू. फौजेचा बाजार होता आणि कंपनीच्या थैलीला तळ नव्हता. मला हा युक्तिवाद नव्वद टक्के पटतो. उरलेले दहा टक्के असे, की साखळीच्या माथ्यावर बसलेले शिंदे आणि भोसले लढाई रंगात येण्याआधीच निघून गेले, आणि त्याचा दोष बाजारावर ढकलता येत नाही.

मला स्वतःला लढाईपेक्षा तिच्या आधीचे आठवडे जास्त भावले. वेलस्लीने मोहीम ऐन पावसाळ्यात काढली, ८ ऑगस्टला अहमदनगरची पेठ घेतली, १२ ला किल्ला. आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेला निघायची रीत, आणि हा गडी भर श्रावणात तोफा ओढतोय. कारण पत्रांत स्पष्ट आहे. नद्या भरलेल्या असल्या की मराठ्यांच्या घोडदळाला मोकळं फिरता येत नाही. त्याच्याकडे मात्र पार व्हायला चामड्याने मढवलेल्या टोपल्यांच्या होड्या होत्या, ओढायला म्हैसूरचे अमृतमहाल बैल होते आणि धान्य पुरवायला बंजाऱ्यांचे तांडे. पत्रांची पानंच्या पानं बैल, तांदूळ, प्यायची दारू आणि होड्या यांवर खर्ची पडली आहेत. पहिल्यांदा मीही ती उलटून पुढे जात होतो, आता तीच आधी वाचतो. पेशव्यांच्या बाजूने याच मोहिमेत इंग्रजांसोबत बापू गोखले होते. तेच बापू २० फेब्रुवारी १८१८ ला आष्टीला इंग्रजांशी लढताना पडले. पंधरा वर्षांत एवढं पालटलं.

नकाशाचं काम. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून १:५०,००० चं पत्रक फुकट उतरवता येतं. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून लढाई काढतोय. या पट्टीत दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. बदनापूरला २१ तारखेला वेलस्ली आणि इंग्रजांच्या दुसऱ्या फौजेचा प्रमुख स्टीव्हन्सन भेटले, डोंगराच्या दोन बाजूंनी निघून २४ ला एकत्र हल्ला करायचं ठरलं. २३ ला वेलस्ली चौदा मैल चालून नळणीला आला, तिथे कळलं की शत्रू सहा मैलांवर आहे, आणि तो थांबला नाही. हा सगळा रस्ता नकाशावर व्यवस्थित बसला. इंग्रजी पुस्तकांतली ‘कैटना’ म्हणजे केळना, ‘जुआ’ म्हणजे जुई. उताराची दोन गावं मी पिंपळगाव आणि वरूड धरतोय. अडचण समोच्च रेषांची आहे. त्या वीस वीस मीटरवर आहेत आणि या लढाईत माणसं वाचली ती दोनतीन मीटरच्या घळींनी आणि नदीच्या दरडींनी. त्या कागदावर दिसतच नाहीत. तेव्हा दिवाळीनंतर, पिकं निघाली की, जागेवर जाणं आलंच. कुणाला यायचं असेल तर सांगा, वाहनखर्च वाटून घेऊ.

कंपनीचाच अधिकारी थॉमस मन्रो याने वेलस्लीला पत्र लिहून विचारलं होतं, स्टीव्हन्सनसाठी थांबला का नाहीस? त्याचं उत्तर, १ नोव्हेंबर १८०३ चं, गुरवुडमध्ये पूर्ण छापलेलं आहे. लढाईवर पुस्तक वाचायला वेळ नसेल त्याने निदान एवढं पत्र वाचावं. जिंकलेला सेनापती आपल्या निर्णयाची सफाई देतोय, तीही विजयाला सहा आठवडे होत नाहीत तोच.

आता कूत, आजच्या इराकमधलं तैग्रिसकाठचं गाव. मेसोपोटेमियाच्या मोहिमेचा मोबर्लीने लिहिलेला सरकारी इतिहास चार खंडांत आहे, त्यातले पहिले तीन या संग्रहात आले. दुसरा खंड वाचून संपवला. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, ब्रिटिश सेनापती टाउनसेंडची सहावी डिव्हिजन तैग्रिसच्या वळणावर तुर्की वेढ्यात अडकलेली. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, म्हणजे सातारा, रत्नागिरी, कुलाबा इथली पोरं. सरकारी इतिहासाची भाषा रुक्ष, पण रुक्ष भाषेतले आकडेच अंगावर येतात. शेवटी शेवटी पीठ माणशी चार औंस, म्हणजे जेमतेम ११३ ग्रॅम. हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस खायला महिनोन्‌महिने नकार दिला. विमानातून धान्याची पोती टाकली, जव दळायला जात्याचे दगडसुद्धा टाकले. आतल्या सुमारे १३ हजारांना सोडवायला बाहेरून आलेल्या फौजेची २३ हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. टाउनसेंडच्या स्वतःच्या आठवणी (१९२०) त्याच कपाटात आहेत. त्या मोबर्लीनंतर वाचाव्यात, म्हणजे गृहस्थ स्वतःबद्दल किती आणि आपल्या शिपायांबद्दल किती लिहितो, हे मोजायला बरं पडतं.

याला जोडून एक उपयोगाची गोष्ट. आपल्याकडे अनेक गावांत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत, या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले, एवढंच. नावं नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावचे ४६ जण त्या युद्धात मारले गेले. बसऱ्याच्या स्मारकावरही तेच, हिंदी अधिकाऱ्यांची नावं आणि शिपायांचा पलटणवार आकडा. पण कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावरच्या नोंदीत शिपायांची नावं आहेत, आणि पुष्कळदा वडिलांचं नाव, गाव, तालुकाही. पलटणीचा क्रमांक टाकून शोधायचं. गावाच्या नावाचं स्पेलिंग साहेबाच्या कानाने केलेलं असतं, तेव्हा तीनचार तऱ्हांनी टाकून बघा. आमच्या तालुक्यातली काही गावं मी अशी लावली. यादी वाचनालयाला दिली आहे, मॅडमनी ती मोबर्लीच्या खंडांशेजारी फाईल करून ठेवली.

बाकीचं भराभर. जनरल थोरातांचं आत्मचरित्र पुन्हा वाचलं. जानेवारी १९४५ ची ब्रह्मदेशातली कांगॉची लढाई, थोरात, थिमय्या आणि सेन असे तीन हिंदी अधिकारी एकाच ब्रिगेडमध्ये तीन पलटणींचे प्रमुख. आणि १९६० चा लखनौचा ‘लाल किला’ सराव, ज्यात चीन ईशान्येकडून आला तर काय होईल हे आधीच मांडून दाखवलं होतं. त्याच्याबरोबर दळवींचं १९६२ च्या चीन युद्धावरचं ‘हिमालयन ब्लंडर’ घेतलंत तर झोप जाईल, पण घ्या. शेजवलकरांचं ‘पानिपत : १७६१’ (मराठी, १९६१) नव्या बांधणीत आलंय, जुनी प्रत सुटी पानं होऊन पडली होती. लढाऊ जहाजांवरची तीन जाड पुस्तकं आहेत, चित्रं उत्तम, मजकूर जाहिरातीसारखा. ती मी परत केली.

पुढचा बेत शरकतचा. ऑक्टोबर १९१८, तुर्की फौजेची मेसोपोटेमियातली शेवटची लढाई, आणि तिथे ११४ वी मराठा पलटण होती. ते सगळं मोबर्लीच्या चौथ्या खंडात आहे आणि आमच्याकडे नेमका तोच नाही. कुणाच्या गावच्या वाचनालयात असेल तर दाखल क्रमांकासह कळवा. आंतरग्रंथालयीन देवघेवीचा अर्ज मॅडमनी भरून ठेवलाय, फक्त वाचनालयाचं नाव घालायचं बाकी आहे.