कटऑफ अजून डोक्यावरूनच! (आणि व्हॉलीबॉलच्या खांबांचा नवा उपयोग)

आमच्या बेसबॉल टीमच्या रविवारच्या सराव सामन्यात शेवटच्या इनिंगला पुन्हा तेच. सेकंड बेसवर रनर, सेंटरला साधा सिंगल (बॅटर फर्स्ट बेसपर्यंत पोचेल असा फटका). आमच्या सेंटर फिल्डरने बॉल झकास उचलला आणि थेट होमवर, म्हणजे रन पूर्ण होतो त्या बेसवर, असा उंच भिरकावला की कटऑफला (थ्रो वाटेत अडवायला) मधे उभा असलेला फर्स्ट बेसमन मान वर करून नुसता बघत राहिला. रनर होमवर आरामात पोचला. थ्रो हवेत असतानाच बॅटरही सेकंडवर जाऊन उभा राहिला, आणि पुढच्या सिंगलवर जिंकणारा रन त्यानेच आणला. तो फर्स्टवरच अडकला असता तर डबल प्लेची (एकाच फटक्यावर दोन आउट) संधी होती, निदान फोर्स आउटची (रनरला न शिवता, बॉल घेऊन नुसता बेसला पाय लावून आउट) तरी.

क्रिकेटमधून आलेली पोरं घेऊन बेसबॉल शिकवणाऱ्यांना हे दुखणं नवीन नाही. बाउंड्रीवरून थेट कीपरच्या ग्लोव्हजमध्ये फेकलं की टाळ्या पडतात, ही सवय लहानपणापासूनची. हात तगडे आहेत, तक्रार हातांबद्दल नाहीच. सामन्यानंतर सेंटर फिल्डरला बाजूला घेतलं तर म्हणतो, "सर, डायरेक्ट टाकलं तर लवकर जातंय की ओ. मधी कशाला कुणाला द्यायचं?"

आणि गंमत म्हणजे त्याचं अर्धं बरोबर आहे. मधे थांबून, वळून, पुन्हा फेकण्यात वेळ जातोच. पण कटऑफ काही प्रत्येक बॉल पकडण्यासाठी उभा नसतो. थ्रो त्याच्या डोक्याच्या उंचीवरून सपाट आला की दोन्ही दारं उघडी राहतात. सोडून दिला तर एका टप्प्यात होमवरच्या कॅचरकडे, पकडला तर सेकंडकडे. मागचा रनर या धाकानेच फर्स्टवर थांबतो. उंच थ्रोमध्ये हा धाकच संपतो, वर बॉल हवेत जास्त वेळ राहतो तो वेगळाच. हे मी फळ्यावर खडूने काढून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मैदानात उतरल्यावर पुन्हा आभाळात!

म्हणून या आठवड्यात बोलणं बंद केलं. मैदानाच्या कडेला व्हॉलीबॉलचे खांब आहेत, त्यांना नेटऐवजी नुसती नायलॉनची दोरी बांधली. पुरुषांच्या नेटची उंची 2.43 मीटर, म्हणजे जेमतेम आठ फूट. कटऑफ दोरीच्या पुढ्यात, कॅचर पलीकडे, आउटफिल्डर अलीकडे लांब. थ्रो दोरीखालून गेला तरच मोजायचा. पहिल्या दिवशी दोरी चुकवायच्या नादात निम्मे बॉल मधेच जमिनीवर आपटले. आपली काळी माती या दिवसांत सिमेंटसारखी कडक होते, एकेक बॉल कुठच्या कुठे उडाला. मग आउटफिल्डरना बरंच पुढे घेतलं आणि फेकण्याआधीच्या उडीवर काम केलं. पोरं जागेवर उभं राहून नुसत्या खांद्याने फेकत होती. उजवा पाय पुढे आडवा टाकून, अंगाचं वजन होमच्या दिशेने नेत फेकायला लागल्यावर थ्रो आपोआप खाली आला. गुरुवारी त्याच सेंटर फिल्डरचा एक बॉल दोरीखालून, कटऑफच्या टोपीजवळून सणसणत गेला आणि एका टप्प्यात कॅचरच्या मिटमध्ये. धप्प! तो आवाज ऐकून शेजारची टेनिस बॉलवाली मंडळीसुद्धा थांबली. पोरगं मात्र आपल्याला काहीच विशेष वाटलं नाही अशा थाटात ग्लोव्ह झटकत मागे गेलं.

इथे खरा गुंता सुरू होतो. थ्रो खाली आला, आता तो पकडायचा की सोडायचा हे सांगणार कोण? कॅचर. सेंटर आणि राइटवरून आलेल्या थ्रोला फर्स्ट बेसमन कटऑफ, लेफ्टवरून आला की थर्ड बेसमन, एवढं सगळ्यांना पाठ आहे. पिचर होमच्या मागे बॅकअपला पळतो, तेही बऱ्यापैकी जमतं. पण आमचा कॅचर बॉलकडे असा एकटक बघतो की बॅटर फर्स्टवर थांबला की वळून पळाला याचा त्याला पत्ताच नसतो. आमचे इशारे तीनच आहेत. गप्प राहिला तर बॉल सोडायचा. "कट टू" म्हणजे पकडून सेकंडकडे. "कट होम" म्हणजे थ्रो वाकडा किंवा मेलेला आहे, पकडून होमकडे. यातला जो काही इशारा असेल तो बॉल कटऑफच्या ग्लोव्हपाशी येण्याआधी यायला हवा. आमचा येतो नंतर, आणि तोही पुटपुटल्यासारखा. एरवी पोरगं डबा उघडल्यावर शेंगाचटणीवरून अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं भांडतं!

पुढच्या आठवड्यापासून टीम डिफेन्सच्या 20 मिनिटांत फक्त कॅचरच्या इशाऱ्यावर काम, असं ठरवून वहीत लिहूनही ठेवलं होतं. पण हा अपडेट लिहिता लिहिताच लक्षात येतंय की त्यात एक कॅचर शिकेल आणि बाकीची पोरं कमरेवर हात ठेवून बघत बसतील. 90 मिनिटांच्या सरावात सगळ्यात महाग काय असेल तर ते उभं राहणं. त्यापेक्षा हे सुरुवातीच्या कॅचमध्येच घुसवलं तर? तशीही 15 मिनिटं जोड्या करून फेकाफेकी चालते आणि निम्मा वेळ गप्पांत जातो. त्याऐवजी पाच-पाच जणांचे गट. एक फेकणारा, एक मधे हात वर करून उभा कटऑफ, एक शेवटी कॅचर, एक बाजूला सेकंडवर आणि पाचवा रनर. फेकणाऱ्याने बॉल उचलला की रनरने मनात येईल तसं पळायचं किंवा थांबायचं. कॅचरने त्याच्याकडे बघून ओरडायचं. कटऑफने पकडला तर ग्लोव्हच्या बाजूने वळायचं, म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्याने डावीकडून. काही थ्रो झाले की जागा बदलायच्या. सगळ्यांचा हात गरम होतो, सगळे ओरडायला शिकतात, आणि डिफेन्सची 20 मिनिटं मोकळी होतात. त्यातली दहा बेस रनिंगला देईन. फर्स्टवरून थर्डला जाताना पोरं सेकंडला वळसा इतका मोठा घेतात की पार सोलापूरच्या होम मैदानावरची गड्ड्याची जत्रा बघून यावं.

वेळेचं बोलायचं तर शाळा सकाळच्या झाल्यावर आपला सकाळचा सराव बंद. संध्याकाळी साडेपाचच्या आधी मैदानात पाऊल ठेववत नाही आणि सातला बॉल दिसेनासा होतो. म्हणजे हातात तेवढेच 90. ऊन उतरेपर्यंत पाण्याचा जार मैदानातच ठेवायचा, सुट्टी देऊन पाणी प्यायला पाठवलं की टोळी परत यायला वेळ लावते. पिचर मंडळींची मोजणी चालूच आहे. पिच स्मार्टच्या (लहान पिचरांचे हात जपण्यासाठीची अमेरिकन नियमावली) तक्त्यानुसार 13-14 वर्षांच्या पोराला दिवसाला 95 पिचची मर्यादा आहे आणि 66 किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. मी 60 ला थांबवतो. ही पोरं रविवारी गल्लीत टेनिस बॉलने फास्ट बोलिंगही टाकतात, ते तक्त्यात कुठे धरणार?

सामानाचं थोडक्यात. रेक्झिनचे बेस पास! आत टॉवेल कारखान्यातल्या चिंध्या ठासून भरल्यात, स्लाइड केली तरी सरकत नाहीत. जुने 15 इंची मापच ठेवलंय. अमेरिकेतल्या मेजर लीगने 2023 पासून 18 इंच केले, पण आमचं रेक्झिन तेवढं उरलं नाही. रिक्षाच्या रेडिएटरचा पाइप लावलेली बॅटिंग टी (बॉल ठेवून मारायचा स्टँड) अजून शाबूत आहे, बाजारातली महागडी टी महिन्यात फाटली होती. ऑनलाइन मागवलेले स्वस्त बॉल मात्र घेऊ नका. कडक जमिनीवर तीन दिवसांत शिवण उसवते, मग ते टीवर मारायलाच उरतात. आपल्या चौकातला चप्पल शिवणारा दादा त्यांना पुन्हा टाके घालून देतो, पण शिवण फुगते आणि पिचरला तो बॉल देता येत नाही.

दोरीची उंची आता अर्ध्या फुटाने खाली घेऊन बघणार आहे. आणि एक विचारायचं राहिलं : डावखुऱ्यांचा साडेअकरा इंची ग्लोव्ह, उजव्या हातात घालायचा, पुण्याला न जाता कुणाला मिळालाय का? आमचा एक लेफ्टी अजून उलटा ग्लोव्ह घालून खेळतोय.